गाडीसमोर जनावर आलं, त्यानंतर

अंबाडी सोडून भिवंडीकडे निघालं की दोन्ही बाजूंना भातखाचरं लागतात. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, कापणी उरकल्यावरच्या एका रात्री साडेदहाच्या सुमाराला मी वज्रेश्वरीहून परत येत होते. मागच्या सीटवर भाची अर्धवट झोपेत होती. एका मोरीजवळ डावीकडून काहीतरी काळसर वर आलं आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंत गाडीखाली गेलं. मोठा आवाज झालाच नाही. ओल्या कपड्यांचं बोचकं जमिनीवर ठेवावं, तेवढाच झाला. भाची उठून बसली आणि म्हणाली, "मावशी, काय होतं ते?"

ते उदमांजर होतं. लांब शेपटी, काळा चेहरा, मागचे पाय हलेनात. मी उतरून त्याच्यापासून दहा पावलांवर उभी राहिले आणि पुढे काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं गाडी चालवते, पंक्चर काढता येतं, विम्याचा नंबर पाठ आहे. पण रस्त्यावर आपल्या हातून जखमी झालेल्या रानातल्या जिवापाशी उभं राहून काय करावं, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. घरी गेल्यावर मनाचं काय करायचं, हे तर नव्हतंच नव्हतं. तेव्हा जे कळायला हवं होतं आणि नंतर वनखात्यातल्या माणसांकडून, डॉक्टरांकडून, रात्रपाळीच्या ड्रायव्हरांकडून विचारून विचारून जे कळलं, ते इथे लिहिते आहे.

भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आणि गोदामं आठवतात. अंजूरफाटा, मानकोली, काल्हेर, पडघा इथे दिवसरात्र माल चढतो-उतरतो. पण नकाशा उघडून बघा. आपल्या पश्चिमेला तुंगारेश्वर अभयारण्य, ईशान्येला तानसा अभयारण्य, नैर्ऋत्येला कामणच्या पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा नागला भाग. या तिन्हींच्या मधून चिंचोटी–कामण–अंजूरफाटा रस्ता जातो, शिरसाड–वज्रेश्वरी–अंबाडी जातो, भिवंडी–वाडा जातो आणि नाशिकचा महामार्ग जातो. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. ते आमणे भिवंडी तालुक्यातच आहे. जनावर रस्त्यावर आलं, असं आपण म्हणतो. खरं तर रस्ता त्याच्या वाटेवर आला आहे.

या वाटांचा सगळ्यांत प्रसिद्ध प्रवासी 'आजोबा' नावाचा बिबट्या. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ तो विहिरीत पडला. वनखात्याने त्याला बाहेर काढलं. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात पट्टा आणि अंगात चिप बसवली आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. तिथून साधारण महिनाभरात शंभराहून जास्त किलोमीटर चालत, मुंबई–आग्रा महामार्ग ओलांडत, कसाऱ्याचा रेल्वेमार्ग ओलांडत, शेवटी वसईची खाडी पोहत तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात पोहोचला. त्याच्यावर 2014 मध्ये सुजय डहाके यांनी मराठी चित्रपट केला. पण 'आजोबा' त्याआधीच, 2011 मध्ये, घोडबंदर परिसरात वाहनाच्या धडकेने गेला होता. अंगातल्या चिपमुळे त्याची ओळख पटली.

या गोष्टीत मला नेहमी दुसरा एक माणूस आठवतो. त्या वाहनाच्या स्टिअरिंगवर जो कुणी होता, तो. त्याच्यासाठी हा लेख आहे, असंही म्हणता येईल.

आधी जागेवर काय करायचं ते सांगते, कारण मनाची निम्मी समजूत पुढे याच आठवणीवर होते. आपल्याला जे करता येण्यासारखं होतं ते केलं, हे नंतर फार कामी येतं.

गाडी डावीकडे घ्या, इंडिकेटर चारही लावा, मागे त्रिकोण असेल तर ठेवा. वळणावर किंवा घाटात असाल तर थांबू नका. पुढे सुरक्षित जागा बघून थांबा आणि तिथूनच फोन करा. कंटेनरच्या रस्त्यावर जनावर वाचवायला उतरलेला माणूस स्वतः चिरडला जातो. जवळचा किलोमीटरचा दगड, पूल, फाटा, धाबा, जे दिसेल ते मनात टिपा, मोबाइलवरून जागेचं लोकेशन जतन करा. मग 1926 लावा. ही महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन आहे, 'हॅलो फॉरेस्ट' म्हणतात ती. लागला नाही तर 112. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 वर सांगा. रस्त्यात पडलेल्या जनावरामुळे मागून येणारी दुचाकी घसरू नये म्हणून तेही गरजेचं असतं.

बिबट्या, तरस, रानडुक्कर यांच्या बाबतीत गाडीतून उतरायचंच नाही. मेलेला दिसणारा बिबट्या बेशुद्ध असू शकतो. जखमी डुक्कर तर माणसाच्या मांडीवर सरळ येतं. काचा वर, हेडलाइट त्याच्या डोळ्यांवरून काढलेले, हॉर्न बंद, आणि मागून येणाऱ्यांना सावध करणं, एवढंच आपलं काम. गर्दी जमते. कुणी मोबाइल घेऊन जवळ जातं, कुणी दगड मारून 'जिवंत आहे का' बघतं. गर्दीला मागे ठेवणं ही त्या घडीला त्या जनावराची सगळ्यांत मोठी सेवा असते.

लहान जीव असेल, म्हणजे घुबड, पिंगळा, रातवा, ससा, तर पुठ्ठ्याचा खोका फार उपयोगी पडतो, आणि भिवंडीत खोक्याला तोटा नाही. खोक्याला भोकं पाडा, जाड कापड किंवा ओढणी अंगावर टाकून अलगद आत ठेवा, झाकण लावा, अंधार आणि शांतता द्या, आणि वनखात्याची माणसं येईपर्यंत तिथेच थांबा. घुबडं पुष्कळदा नुसती भोवळ येऊन पडलेली असतात. तोंडात पाणी घालू नका. माणूस शेवटच्या घटकेला पाणी मागतो म्हणून आपला हात आपोआप बाटलीकडे जातो. पण अर्धवट शुद्धीतल्या जनावराच्या फुफ्फुसात ते पाणी उतरतं आणि तो वाचणारा जीव गुदमरून जातो. मीही त्या रात्री बाटलीचं झाकण उघडलं होतं. फोनवरच्या माणसाने थांबवलं.

कोल्हा, मुंगूस, उदमांजर यांना उघड्या हाताने शिवू नका. चावा बसला, ओरखडा आला किंवा लाळ लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजच्या लशीसाठी जा. सापाला हात लावायचा नाही, मेलेल्यालासुद्धा नाही.

वनरक्षक मोटरसायकलवरून आला तोवर उदमांजर गेलं होतं. त्याने टॉर्च तोंडात धरला, हातमोजे चढवले आणि सगळ्यांत आधी त्याचं पोट चाचपलं. "मादी आहे," तो म्हणाला. माझ्या पोटात कालवलं. मग थोडं थांबून म्हणाला, "दूध नाही, ताई. पिल्लं नसणार मागे." ती एक गोष्ट कळली नसती तर मी किती रात्री त्या मोरीतल्या पिल्लांचा आवाज ऐकत बसले असते, सांगता येत नाही. फोन करण्याचं हेही एक कारण आहे. पिल्लं असती, तर ती शोधायची कशी हे त्यांनाच कळतं.

पुष्कळ लोक फोन करत नाहीत ते भीतीपोटी. पोलीस, पंचनामा, कोर्ट. म्हणून कायद्याचं साधं सांगते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 39 प्रमाणे मेलेला, किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी राज्य शासनाची मालमत्ता ठरतो. म्हणजे तो घरी नेता येत नाही, परस्पर पुरता येत नाही आणि त्याचं नख, कातडं, मिशी काहीही घेता येत नाही. बिबट्याची नखं 'शुभ' म्हणून उचलणारा माणूस अपघात करणाऱ्यापेक्षा फार मोठ्या गुन्ह्यात सापडतो. असा जीव ताब्यात आला तर 48 तासांच्या आत कळवायचं, असं तेच कलम सांगतं. वनखातं चौकशी करेल. वेग किती होता, जागा अभयारण्याची होती का, हे विचारेल. खरं ते सांगा. शिकार करणारा स्वतः फोन करत नाही, हे चौकशी करणाऱ्यालाही कळतं. मोठा प्राणी असेल आणि मनात धास्ती असेल तर ओळखीच्या वकिलाला आधी विचारा, पण पळून जाऊ नका. गाडीचं नुकसान झालं असेल तर फोटो काढून ठेवा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर त्यातून भरपाई मिळत नाही, संपूर्ण विम्यातून मिळतं.

आता घर. अंघोळ झाली, जेवण गेलं नाही, दिवा मालवला. आणि तो बोचक्याचा आवाज पुन्हा.

मराठीत या अवस्थेला किती शब्द आहेत बघा. हळहळ, चुटपुट, रुखरुख, टोचणी, पश्चात्ताप. आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो, पण ते एक नाहीत. दुसऱ्याच्या गाडीखाली आलेलं मांजर बघूनही हळहळ वाटते. तिला आपला हात लागलेला असावा लागत नाही. रुखरुख म्हणजे काहीतरी राहून गेल्याची जाणीव. टोचणी म्हणजे आपल्या चुकीचा काटा. आणि पश्चात्ताप तेव्हाच म्हणायचा, जेव्हा ती चूक पुन्हा न करण्याची तयारी असते. धडकेनंतरच्या रात्री हे सगळं एकाच गोळ्यात छातीवर बसतं आणि माणूस त्या अख्ख्या गोळ्याला 'मी पापी' असं नाव देऊन मोकळा होतो. किंवा 'जाऊ दे, जनावरच होतं' म्हणून अख्खा गोळा फेकून देतो. दोन्हींत हिशेब चुकतो. यातलं हळहळीचं किती आणि चुकीचं किती, हे वेगळं काढावं लागतं. मी ते कागदावर काढलं.

ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे 33 मीटर आपण नुसतेच पुढे. नंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने आणखी 35. एकूण 68 मीटर. आणि डिपरचा उजेड नीट पडतो 40-50 मीटर. म्हणजे रात्री डिपरवर 80 ने जाणारा माणूस आपल्या उजेडाच्या पुढे धावत असतो; दिसेल तेव्हा थांबता येणारच नाही, हे आधीच ठरलेलं असतं. 60 ला हेच अंतर 45 मीटर होतं, 40 ला 26. भरलेल्या टेम्पोला आणि ओल्या रस्त्याला याहून जास्त.

मी 65 वर होते. दुसऱ्या दिवशी उजेडात जाऊन बघितलं: ते वर आलं तेव्हा मी ज्या मैलाच्या दगडापाशी होते तिथून मोरी वीस पावलं होती. साधारण 15 मीटर. 65 च्या वेगाने हे अंतर 0.8 सेकंदात संपतं. मी 40 वर असते तरी ब्रेक लागायच्या आत तिथे पोहोचले असते. म्हणजे धडक टाळणं माझ्या हातात नव्हतं. हे कळलं तेव्हा छाती थोडी सैल झाली. पण हिशेब तिथे थांबवला असता तर तो लबाडीचा झाला असता. 40 ला तेच अंतर 1.3 सेकंदांत जातं. अर्धा सेकंद जास्त. उदमांजराला रस्त्याची एक बाजू ओलांडायला अर्धा सेकंद म्हणजे पुष्कळ. आणि धडक बसलीच असती तरी तिचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो: 65 च्या धडकेत 40 च्या धडकेच्या अडीचपटीहून जास्त मार असतो.

तर माझ्या वाट्याचा अपराध अर्ध्या सेकंदाएवढा आहे. त्याहून जास्त नाही, कमीही नाही. बाकीची हळहळ आहे, आणि ती राहू दे. असा हिशेब प्रत्येकाचा वेगळा येईल. झोप येत असताना गाडी हाकली, मोबाइल बघत होतो, ओव्हरटेक करत होतो, असं असेल तर तुमच्या कागदावर जास्त येईल आणि ते लिहायला हवं. पण काही लोकांच्या कागदावर शून्य येतं. हळू चालले होते, लक्ष होतं, भेकर दुचाकीच्या अंगावरच उडालं. त्यांनीही शून्य लिहायला धजावं.

हा कागद लिहिताना एक सापळा असतो. घडून गेल्यावर मन त्या क्षणाचं चित्र पुन्हा काढतं आणि त्यात उजेड वाढवून ठेवतं. 'मला दिसलंच होतं की, मीच दुर्लक्ष केलं,' असं वाटायला लागतं. तुम्हाला ते चित्र आता शेपटीसकट स्पष्ट दिसतंय, कारण तुम्ही ते नंतर जमिनीवर पडलेलं पाहिलंय. त्या वेळी ती नुसती हलणारी सावली होती.

आणखी एक प्रश्न बहुतेकांना छळतो: मी स्टिअरिंग का नाही फिरवलं? नाही फिरवलं तेच योग्य केलं. समोर अचानक जनावर आलं तर ब्रेक जोरात, स्टिअरिंग सरळ. गाडी वळवली की ती समोरच्या कंटेनरवर, झाडावर किंवा खाचरात जाते. माझ्या मागच्या सीटवर एक मुलगी होती. दुचाकीवाल्याचं तर बोलायलाच नको. माणसं वाचवण्यासाठी सरळ राहणं हा निर्दयपणा नव्हे.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी 1976 च्या एका निबंधात ट्रक ड्रायव्हरचंच उदाहरण घेतलं आहे. काहीही चूक नसताना त्याच्या गाडीखाली एक मूल येतं. लोक त्याची समजूत घालतील, घालायलाच हवी. पण तो फार लवकर, फार सहज सावरला तर त्याच लोकांना त्याच्याविषयी शंका वाटेल, असं विल्यम्स म्हणतात. बघणाऱ्याचं दुःख आणि ज्याच्या हातून घडलं त्याची खंत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष नसतानाही कर्त्याची खंत उरते, आणि ती उरणं हे शहाण्या, चांगल्या माणसाचंच लक्षण. मला याने मोठा धीर आला. अपराध शून्य असूनही मन जड असेल तर त्यात बिघडलेलं काही नाही.

घरच्यांना दोन शब्द. 'त्यात काय एवढं' म्हणू नका, आणि 'अपशकुन झाला, आता काहीतरी होणार' असं तर मुळीच म्हणू नका. नुसतं विचारा, 'कुठे झालं? काय होतं?' आणि ऐकून घ्या. गाडीत मूल असेल तर त्याला खरं सांगा. मी भाचीला आधी 'पळून गेलं गं' म्हणाले होते. तिने काचेतून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "तू खोटं का बोललीस?" मग आम्ही दोघींनी बसून उदमांजर काय खातं, कुठे राहतं, ते वाचलं. तिला रडू आलं, मलाही. तिच्या मनातून ते त्या रडण्यानेच उतरलं, असं मला वाटतं.

आणि ज्यांच्याकडे रात्रीच्या गाड्या आहेत त्या मालकांना एक कळकळीची विनंती. गोदामातून रात्री अकराला निघालेल्या टेम्पोवाल्याला पहाटे नाशिकला माल टाकायचा असतो. त्याच्या गाडीखाली कोल्हा आला तर तो थांबत नाही, कारण थांबला तर उशिराचे पैसे कापले जातात. निर्दय असतो म्हणून नव्हे. पडघ्याच्या पुढे एका धाब्यावर अशा एका ड्रायव्हरशी बोलले होते. कोल्ह्याचे चमकणारे डोळे अजून स्वप्नात येतात, म्हणाला, आणि हे आजवर कुणाला सांगितलं नाही, म्हणाला. आपल्या ड्रायव्हरांना 1926 हा नंबर द्या, आणि या कारणाने दहा मिनिटं गेली तर पैसे कापणार नाही, हे तोंडाने सांगा. एवढं पुरे.

आता प्रायश्चित्त. हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण आपल्याकडे त्याचा मोठा विचार झालेला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्तांचा विस्तार आहे. जाणूनबुजून केलेलं आणि नकळत घडलेलं यांत फरक करायचा, हा विचार त्या परंपरेत जुना आहे. भिवंडीत कुणी सदका देतं, कुणी देवळात नारळ फोडतं, कुणी गोशाळेत चाऱ्याचे पैसे भरतं. मनाला आराम पडत असेल तर जरूर करा. आपल्या ठाणे–पालघर पट्ट्यात वारली आणि इतर आदिवासी समाज वाघोबाला पुजतात. रम्या नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या दीडशे वाघोबा-स्थानांची नोंद आहे. वाघबारशीला हे समाज वाघोबाला नैवेद्य दाखवतात. जंगल वाटून घेऊन राहायचं असेल तर देणंघेणं चुकवावं लागतं, हे त्यांना ठाऊक आहे.

पण एक प्रायश्चित्त करू नका. घाटात गाडी थांबवून माकडांना केळी, चणे, बिस्किटं देऊ नका. पुण्य म्हणून केलेली ही गोष्ट माकडांना रस्त्याच्या कडेला आणून बसवते आणि पुढची गाडी त्यांचं पिल्लू मारते. वडापावचे कागद आणि उरलेलं अन्न गाडीतून फेकणंही तसंच. त्यावर उंदीर येतात, उंदरांवर साप आणि घुबडं.

खरं देणं चुकतं ते गाडी चालवण्यात. पहिल्या पावसात बेडूक आणि त्यांच्यामागे साप रस्त्यावर असतात. भात पिकलं की ऑक्टोबरात रानडुकरं खाचरांकडे उतरतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळनंतर डांबर ऊब धरून असतं, साप त्यावर पसरतात. रातवे तर अंधारात रस्त्यावरच बसतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात, रस्त्याकडेच्या मोहाखाली पहाटे भेकर, कोल्हे येतात. उन्हाळ्यात पाण्यासाठी. या दिवसांत, या वेळांना, जंगलाच्या आणि मोऱ्यांच्या पट्ट्यात 40 वर या. दोन डोळे चमकले तर अप्परचा डिपर करा, कारण प्रखर उजेडाने डोळे दिपून जनावर जागीच खिळतं. एक ओलांडून गेलं की लगेच गाडी दामटू नका. मागून दुसरं येतं, पुष्कळदा पिल्लू.

आणि जागा नोंदवा. तारीख, वेळ, प्राणी, ठिकाण, एवढं लिहून वनपरिक्षेत्र कार्यालयात आणि रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे द्या. एका अर्जाने काही होत नाही, पण एकाच मोरीवर पाच नोंदी पडल्या की ती मोरी कागदावर दिसायला लागते. आपल्याच राज्यात याचा पुरावा आहे. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर, मोठ्या लढ्यानंतर, प्राण्यांसाठी खालून जायला नऊ मार्ग ठेवले गेले. सगळ्यांत लांब मार्ग 750 मीटरचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तेव्हा 2019 च्या काही महिन्यांत 18 जातींचे प्राणी मिळून 5,450 वेळा त्या वाटांवर टिपले गेले. आणि जिथे अशी वाट नाही तिथे काय होतं, तेही आपण पाहिलंय. 10 ऑगस्ट 2023 च्या रात्री गोंदिया–कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका तरुण वाघाला कारची धडक बसली. लंगडत झाडीत शिरणाऱ्या त्या वाघाची चित्रफीत साऱ्या राज्याने पाहिली. उपचारासाठी नागपूरला नेताना तो वाटेतच मेला. लोकांनी त्या चालकाला मनसोक्त शिव्या दिल्या. त्यापेक्षा त्या रस्त्याविषयी चार पत्रं गेली असती तर मला बरं वाटलं असतं.

मनाचं शेवटचं. आठवडा-दोन आठवडे झोप मोडणं, आवाज आठवणं, तो रस्ता टाळावासा वाटणं, हे होतं आणि ओसरतं. महिना उलटूनही रोज तेच दिसत असेल, गाडीत बसवत नसेल, कामावर लक्ष लागत नसेल, किंवा जगण्यातच अर्थ नाही असं वाटायला लागलं, तर वाट बघू नका. 14416 वर 'टेली-मानस' ही सरकारी सेवा फुकट आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. ठाण्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. कधी कधी जनावराच्या निमित्ताने मनातलं जुनं, दुसरंच काही वर आलेलं असतं, एखादं न रडलेलं मरण. ते डॉक्टरांसमोर कळतं. आणि शक्य असेल तर त्या रस्त्याने पुन्हा जा, पहिल्यांदा दिवसा, कुणाला तरी सोबत घेऊन.

मी दर पंधरवड्याला तिथून जाते. मोरीवर आता रानवेल चढली आहे. मैलाचा दगड दिसला की पाय आपोआप उचलला जातो, काटा 40 वर येतो. मागचा टेम्पोवाला हॉर्न देतो. मी डावीकडे सरकून त्याला साईड देते, आणि खाचरांच्या बाजूला बघत मोरी पार करते.